आगीचा घास

माझी आजी ताटं वाढायच्या आधी चुलीत एक घास टाकायची. चार शितं भात, त्यावर कालवणाचा थेंब, आणि मासळी असेल त्या दिवशी तुकडीचा नखाएवढा कण. निखाऱ्यावर तो चुरचुरला, धुराची बारीक रेघ निघाली, की मगच पहिलं ताट आजोबांपुढे जायचं. मंत्र कुठलाच नव्हता. पेणच्या खारेपाटात, वढावच्या अंगाला आमचं आगऱ्यांचं घर. तिथे मंत्र कुणाला येत नव्हते, पण घास चुकला तर जेवण थांबायचं. आई घाईत असली की आजी ओटीवरून विचारायची, "आगीला दिलास क गो?"

लग्न होऊन मी रोह्याला आले, अष्टमीत बिऱ्हाड झालं, गॅस आला आणि तो घास सुटला. बर्नरवर शितं टाकली तर बर्नर तुंबतो, एवढंच कारण. पुढे छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, घरी आठवड्यातून चारदा मासळी केली, आणि त्या घासाची मला कधी आठवण झाली नाही. ती झाली गेल्या जानेवारीत, आणि तीही ज्याला आगच लागत नाही अशा पदार्थामुळे.

माझा भाचा, धाकट्या भावाचा मुलगा, प्रवासी जहाजावर खानसाम्याचं काम करतो. संक्रांतीनंतर सुट्टीवर आला आणि म्हणाला, "आत्या, रविवारी सगळे येणारेत ना, जेवणाआधीचं मी करतो. टार्टार." मी विचारलं, म्हणजे काय? त्याने सांगितलं: कच्ची मासळी धारदार सुरीने बारीक चौकोनी चिरायची, वाडगा बर्फावर ठेवायचा, त्यात कांदा, काकडी, आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर, तेल, मीठ, आणि वाढायच्या अगदी आधी लिंबू. फ्रान्समध्ये हा पदार्थ गोमांसाचा होता, तो पुढे मासळीचाही झाला. तातार घोडेस्वार खोगिराखाली मांस दाबून नेत आणि कच्चंच खात, ही या नावामागची गोष्ट मागाहून रचलेली आहे, असंही त्याने सांगितलं. "आणि मासळी आपली, आत्या. तळ्यातला जिताडा काढू. तीन किलोचा तरी असेल."

मी नाही म्हटलं. इतक्या चटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. कारण विचारलं तर ते मला धड सांगता येईना. पुढचे चार दिवस मी ते कारण शोधत होते. हा लेख त्या शोधाचा आहे.

एक कारण उघड होतं, आणि ते भाच्याला माझ्याहून जास्त ठाऊक निघालं. जिताडा हा खाडीचा मासा. पिल्लं भरतीबरोबर खाडीतून आत शिरतात, आमचे लोक ती धरून घराजवळच्या तळ्यात सोडतात आणि वर्षानुवर्षं वाढवतात. तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, हे मला शाळेत शिकवायला लागल्यावर कळलं. आजीला ते तसंच ठाऊक होतं, कारण गाबोळी फक्त थोराड जिताड्यात मिळते. पण तळं म्हणजे चिखल, गुरांचं पाणी, पावसात वरून वाहून आलेलं सगळं. तसल्या पाण्यातली मासळी कच्ची खायची नसते. लिंबू पिळलं की मासळी पांढरी पडते, शिजल्यासारखी दिसते, पण आतले जंत लिंबाने मरत नाहीत. ते मरतात आगीने किंवा कडक थंडीने. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं मार्गदर्शन असं की कच्ची खायची मासळी उणे २० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली सात दिवस ठेवावी, नाहीतर उणे ३५ अंशांवर गोठवून तिथेच पंधरा तास. आपल्या घरातला फ्रीझर वीज न जाता चालला तर उणे १८ च्या आसपास जातो. भाचा म्हणाला, "बरोबर आहे तुझं, जिताडा नको." त्याने मुंबईहून थर्माकोलच्या पेटीत कुपा, म्हणजे ट्यूना, मागवला. समुद्रातला, बोटीवरून उतरल्यावर खोल गोठवलेला, तारीख लिहिलेला.

म्हणजे तो प्रश्न सुटला. तरी माझं नाही तसंच होतं.

आमच्याकडे कच्ची मासळी घरातून एकाच कारणाने बाहेर जायची. कुणा साहेबाकडे काम अडलं असलं, बांध फुटल्याचा पंचनामा असो की सातबाऱ्यावरचं नाव असो, की बाबा पहाटे तळ्यात जाळं टाकून जिताडा काढत. ओल्या गोणपाटात गुंडाळून तो पेणला पोचता होई. खारेपाटात ही रीत सगळ्यांना माहीत आहे. त्यातले एक साहेब एकदा आमच्या गावी आले होते. उधाणाने बांध फोडला होता, खारं पाणी भातात शिरलं होतं. आईने कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. साहेब ओटीवर बसले, पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायले आणि जाताना जिताडा गाडीत ठेवून घेतला. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आईने झाकून ठेवलेलं ते ताट मला अजून दिसतं.

पुढे शिकले तेव्हा या गोष्टीला नाव मिळालं. शिधा. ज्याच्या हातचं शिजवलेलं चालत नाही, त्याच्याकडून कोरडे तांदूळ, डाळ, गूळ घ्यायला हरकत नसते. कच्च्याला विटाळ नाही. धान्य कोणाच्याही शेतातलं असो, ते आगीवर चढेपर्यंत कोणाचंच नसतं. आगीवर चढलं की ते करणाऱ्याचं होतं, त्याच्या हाताचं, त्याच्या घराचं होतं. या नियमाने आपल्या समाजात माणसांचा किती अपमान केला, ते मी वेगळं सांगायला नको. पण त्याच्या पोटात एक खरी गोष्ट दडली आहे: शिजवणं म्हणजे नातं जोडणं. ज्यांनी शिजवलेलं नाकारलं त्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी नाकारलं.

माझ्या नाही म्हणण्याचं एक मूळ इथे सापडलं. माझ्या मनात कच्ची मासळी म्हणजे आपल्या पंगतीला न बसणाऱ्याला द्यायची वस्तू. ती मी माझ्या माणसांपुढे कशी ठेवू?

दुसरं मूळ आणखी खोल होतं. मासळीच्या मरणाला विधी नाही. बकरा, कोंबडा कापताना देवाचं नाव घेतात, मान कशी धरायची ते ठरलेलं असतं. कोकणी मुसलमान शेजाऱ्यांकडे बकऱ्याला जबिहा, म्हणजे अल्लाचं नाव घेऊन कापणं, लागतं, मासळीला लागत नाही, ती पाण्याबाहेर आली की हलालच. पेण, रोहा, अलिबाग, रेवदंडा या पट्ट्यात शतकानुशतकं राहिलेले बेने इस्रायल यहुदी लोक, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत, त्यांच्या धर्मातही जनावराला ठरलेल्या पद्धतीनेच कापावं लागतं. मासळीला ती अट नाही. तिला अट एवढीच की पर हवेत आणि खवले हवेत. पेणच्या बाजारात माझ्या लहानपणी त्यांच्यातल्या एक बाई यायच्या. जिताडा हातात घेऊन शेपटाकडून डोक्याकडे अंगठ्याचं नख ओढायच्या, खवला उचलला जातो का ते बघायच्या. कोळंबी, चिंबोरी, शिंगाळा, मुशी यांच्या टोपल्यांकडे वळूनही बघायच्या नाहीत. त्यांच्यातली दंतकथा अशी की दावीद राहाबी नावाचा परदेशी धर्मज्ञ कोकणात आला, त्याने त्यांच्या बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली, आणि त्यांनी खवल्याची तेवढी वेगळी काढली तेव्हा त्याला पटलं की हे यहुदीच. आपला ग्रंथ, आपली भाषा विसरलेली ती माणसं मासळीच्या खवल्यावरून ओळखली गेली! पेणकर आणि रोहेकर ही आडनावं आज इस्रायलमध्येही आहेत.

सांगायचं ते हे की तीन धर्मांची माणसं एकाच खाडीची मासळी खात आली, आणि तिन्हींपैकी कोणीही मासळी मारताना प्रार्थना सांगितलेली नाही. ती पाटीत तडफडून मरते आणि आपण भाव करत असतो. मग तिच्या मरणाची दखल घेतली कुठे जाते? आमच्या घरी ती घेतली जायची चुलीशी. आजीचा घास हा त्या माशाचा एकमेव विधी होता. आग काढून घेतली तर माझ्या हातात काय राहतं? सुरी, बर्फ आणि लिंबू.

याच पेण तालुक्यात गागोद्याला ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा जन्मले, आणि रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले. दोघेही गीतेचे. पण माझ्या या प्रश्नावर दोघांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना आहेत. विनोबांना माणसाने मांसाहार सोडणं ही त्याच्या वाटचालीतली फार मोठी पायरी वाटे. माझ्या कुप्याकडे बघून ते कच्चा की शिजवलेला हे विचारणारच नाहीत, मुळात का, एवढंच विचारतील. पांडुरंगशास्त्री कोळीवाड्यांत गेले आणि त्यांनी कोळ्यांना सागरपुत्र म्हटलं. त्यांच्या स्वाध्याय चळवळीतून 'मत्स्यगंधा' या होड्या निघाल्या. कोळी पाळीपाळीने त्या होडीवर पुजारी म्हणून जातो, आणि त्या दिवशीची मासळी त्याची नसते, देवाची असते. होडी हेच देऊळ. जाळं थांबवा असं ते म्हणाले नाहीत. जाळं कोणाचं, हे त्यांनी बदललं.

मी मासळी सोडलेली नाही, सोडेन असंही वाटत नाही. तेव्हा विनोबांपुढे माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते नाही हे कबूल करणं मला भाग आहे. पण शास्त्रकारांनी शाकाहारी घरालाही मोकळं सोडलेलं नाही. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातल्या पाच वधस्थानांची यादी आहे: चूल, जातं किंवा पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पाच जागी रोज जीव मरतात, म्हणून रोज पाच यज्ञ करायचे. त्या ग्रंथातलं पुष्कळसं मला मान्य नाही, पण ही यादी करणाऱ्याने स्वयंपाकघर उघड्या डोळ्यांनी बघितलं होतं. आणि त्यात चूल पहिली आहे. जी आग शुद्ध करते असं आपण म्हणतो, तीच वधाच्या यादीत सर्वांत वर.

इथे माझी गाठ थोडी सैल झाली. आग म्हणजे शुद्धी, हे माझं गृहीतच अर्धवट होतं. भाच्याने त्याला आणखी एक धक्का दिला. कुपा किंवा बांगडा पकडल्यावर वेळेवर बर्फात गेला नाही तर त्याच्या मांसात हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं, खाणाऱ्याचं अंग लाल होतं, डोकं ठणकतं. आणि एकदा तयार झालेलं ते विष कितीही उकळलं, तळलं तरी जात नाही. म्हणजे होडीवर कोणीतरी आळस केला तर माझी चूल तो निस्तरू शकत नाही. मासळीची काळजी पाण्यातून काढल्या क्षणापासून घ्यावी लागते. आग त्या साखळीतली एक कडी आहे, आणि मी मात्र सगळा भार तिच्यावर टाकून मोकळी होत होते.

संस्कृतात पच् हा एकच धातू आहे. त्यातून पाक आला, पक्व आला, पचन आलं. शिजणं, पिकणं आणि पचणं ही जुन्या माणसांच्या लेखी एकच क्रिया, तीन आगींवर होणारी. सूर्यावर फळ पिकतं, चुलीवर अन्न शिजतं, जठरात ते पचतं. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत सांगतात की प्राण्यांच्या देहातला वैश्वानर अग्नी मीच आहे आणि चार प्रकारचं अन्न मीच पचवतो. अनेक घरांत जेवणाआधी हा अध्याय म्हणतात तो यासाठीच. मग मला आमचं वाळवण आठवलं. अंगणात पसरलेला जवळा, काठीला टांगलेले बोंबील. ते चुलीआधी उन्हावर शिजलेले असतात. मिठागरातलं मीठसुद्धा उन्हाने शिजलेलं खाडीचं पाणीच. आम्ही तीन आगींची माणसं आहोत, आणि आजी त्यातल्या एकीला घास देत होती. टार्टारमध्ये पहिल्या दोन आगी गाळल्या आहेत आणि तिसरी उरली आहे, खाणाऱ्याच्या पोटातली. सगळा भार तिच्यावर.

रविवारी सकाळी भाच्याने कुपा बाहेर काढला. रात्रभर तो फ्रीजच्या खालच्या कप्प्यात हळूहळू सुटला होता, ओट्यावर नाही. फळी उकळत्या पाण्याने धुतली, सुरी धुतली, हात कोपरापर्यंत धुतले. ते बघताना मला माझ्या सासूबाईंचं सोवळं आठवलं. गौरीच्या दिवशी तिखटाच्या नैवेद्याला चिंबोऱ्या करतानासुद्धा त्यांचे हात असेच कोपरापर्यंत ओले असायचे. त्याने मांस चिरलं, गडद लाल, डाळिंबाच्या दाण्याएवढं. वाडग्याखाली बर्फ. पेणच्या पोह्यांचे पापड मी भाजून दिले, त्यावर चमच्याने वाढायचं होतं.

आणि मग त्याने एक केलं. सगळे बाहेरच्या खोलीत बसले होते, मी ताटली उचलणार एवढ्यात त्याने चमचाभर स्वतः खाल्लं. सावकाश चावलं, थांबला, मान हलवली. मी म्हटलं, "अरे, पाहुण्यांच्या आधी?" तो म्हणाला, "आत्या, कच्चं देतो तेव्हा आधी आम्हीच खातो. बिघडलं असेल तर आधी आम्हाला कळायला हवं."

मी तिथेच उभी राहिले. आपल्याकडे नैवेद्य चाखत नाहीत. मीठ कमी पडलं तरी न चाखताच देवापुढे जातो. आजपर्यंत मला वाटत होतं की हा देवाचा मान. तो आहेच, पण न चाखता देता येतं कारण आगीवर आपला भरवसा असतो. जिथे आग नाही तिथे कोणीतरी माणसाने आगीच्या जागी उभं राहावं लागतं. पहिला घास त्याच्या पोटातल्या वैश्वानराला. मग माझ्या डोळ्यांपुढे शबरी आली. वाल्मीकींत ती बोरं उष्टी करत नाही, पण लोकांच्या रामायणात करते, आणि लोकांनी ती गोष्ट उगाच घातलेली नाही. बोरं न शिजवलेलीच असतात, त्यांना चुलीची आग लागलेली नसते. म्हणून ती प्रत्येक बोर चाखून बघते, किडकं, आंबट स्वतः खाते आणि चांगलं पाहुण्याला देते. रामाने ती उष्टी बोरं खाल्ली. ज्या पंगतीत शिजवलेलं नाकारत होते, त्याच देशात देवाने रानातल्या बाईच्या तोंडचं कच्चं स्वीकारलं.

मला माझं उत्तर मिळालं. कच्ची मासळी अधर्म्य नाही. पण ती आगीशिवाय वाढणाऱ्याने आगीची तीन कामं स्वतःच्या अंगावर घ्यायला हवीत. मासळी कुठून आली, कधी निघाली, किती थंडीत राहिली हे माहीत असायला हवं. जो जीव गेला त्याच्याकडे लक्ष असायला हवं. आणि पहिला धोका स्वतःच्या पोटाने घ्यायला हवा. हे जमणार नसेल त्याने मासळी कच्ची वाढू नये. पोरंबाळं, गरोदर बाई, म्हातारी, आजारी माणसं यांच्या ताटात तर ती ठेवूच नये, आणि आम्ही ठेवली नाही. देव्हाऱ्यापुढेही मी तो वाडगा नेला नाही. माझ्या घरच्या देवांना आगीची सवय आहे, ती मला मोडायची नव्हती.

मी दोन पापड खाल्ले. थंड, गोडसर, मागून आल्याची झणक. एका वाडग्यातून आम्ही नऊ जणांनी खाल्लं. त्यात माझी वहिनी होती, आणि माझ्या शाळेतल्या एक जुन्या सहकारी होत्या, ज्यांच्या आईने तीस वर्षांपूर्वी माझ्या हातचा चहा घेतला नव्हता.

थोडं उरलं. कच्चं उरलेलं ठेवता येत नाही, तासाभरात संपवायचं किंवा आगीवर घालायचं. भाच्याने लोखंडी तवा तापवला, उरलेल्यात तांदळाचं पीठ आणि हळद घालून वड्या थापल्या. पहिली वडी खरपूस झाल्यावर मी तिचा नखाएवढा कण चिमट्यात धरला आणि तवा बाजूला करून ज्योतीवर नेला. तो चुरचुरला, धुराची बारीक रेघ निघाली. भाच्याने विचारलं, "हे काय, आत्या?" मी म्हटलं, "तुझ्या पणजीचं आहे. तुला अजून दिलं नव्हतं."